स्क्रीन रीडर चालू आहे हे अ‍ॅपला कसं कळतं? नव्या प्रोग्रामरसाठी पायरीपायरीने

‘वापरणारी व्यक्ती दृष्टिहीन आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर देणारं फंक्शन कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर, ओळखायच्या कामाला लागणारे बहुतेक जण तेच शोधत असतात. मिळतं ते इतकंच: कुणीतरी तुमच्या खिडकीत काय काय आहे ते विचारतंय, किंवा वापरणाऱ्याने अमुक एक सेटिंग चालू केलंय. दार वाजलं एवढं कळतं. पाहुणा आलाय की कुरिअरवाला, ते आतून कळत नाही.

डेस्कटॉप, मोबाइल आणि वेब अशा तिन्ही ठिकाणी मी हे काम केलंय. माहिती सगळी आहे, पण विखुरलेली. काही जुन्या दस्तऐवजांत, काही ब्राउझरच्या कोडमधल्या टिपांमध्ये. नव्या माणसाला ती एका जागी मिळावी म्हणून हा लेख. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. शोधताना रोमन लिपीत, मधल्या जागा काढून टाइप करा.

१. ‘कशासाठी हवंय’ ते आधी कागदावर लिहा

ही पायरी सगळे गाळतात, आणि पुढचा बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. ‘स्क्रीन रीडर असेल तर…’ असं काम हातात आलं की त्या ‘तर’च्या पुढे नेमकं काय आहे ते एका वाक्यात लिहा. माझ्या पाहण्यात खरी कारणं चारच निघतात.

पहिलं, वेग. पडद्यावरच्या प्रत्येक बटणाची, मजकुराची, यादीतल्या ओळीची माहिती स्क्रीन रीडरला देण्यासाठी अ‍ॅपला एक वेगळी रचना मेमरीत उभी करावी लागते. तिला अ‍ॅक्सेसिबिलिटी ट्री म्हणतात. ती सतत ताजी ठेवणं महाग पडतं. कुणी विचारतच नसेल तर ती बांधायची कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ब्राउझर नेमका हाच विचार करतात.

दुसरं, स्पर्शाच्या खुणा. टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) किंवा व्हॉइसओव्हर (अ‍ॅपलचा) चालू असताना एका बोटाचं स्वाइप तुमच्या अ‍ॅपपर्यंत पोहोचतच नाही. ते स्क्रीन रीडर स्वतःकडे ठेवून घेतो. तुमचं काम स्वाइपवर अडलेलं असेल तर दुसरी वाट द्यावी लागते.

तिसरं, वेळ. तीन सेकंदांत नाहीशी होणारी सूचना ऐकून पूर्ण व्हायच्या आत गेलेली असते. चौथं, हालचाल आणि रंग: अ‍ॅनिमेशन कमी करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, वगैरे.

आता यातली गंमत बघा. दुसऱ्या कारणासाठी ओळखायची गरजच नसते. ‘हटवा’ ही क्रिया स्वाइपखेरीज कस्टम अ‍ॅक्शन म्हणूनही नोंदवली, की स्क्रीन रीडर ती आपल्या मेनूत दाखवतो. तुम्हाला काही विचारावं लागत नाही. तिसऱ्या आणि चौथ्यासाठी सिस्टिममध्ये स्वतंत्र सेटिंग्ज असतात, त्या थेट वाचायच्या. म्हणजे ‘ओळख’ खरी लागते ती बहुतांशी वेगासाठी. तुमचं अ‍ॅप विंडोज, अँड्रॉइड किंवा आयओएसच्या तयार घटकांवर बांधलेलं असेल तर तेही काम त्या घटकांनीच केलेलं असतं. स्वतःचं इंजिन, स्वतःचं चित्रण असेल तरच ते तुमच्या गळ्यात पडतं.

आणि ‘स्क्रीन रीडर असेल तर वेगळी, सोपी स्क्रीन दाखवा’ असं त्या वाक्यात लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबा आणि काम देणाऱ्याशी बोला. वेगळी स्क्रीन पहिल्या आवृत्तीत छान दिसते. पुढच्या आवृत्तीत नवी सोय मुख्य स्क्रीनवर येते आणि ‘सोप्या’ स्क्रीनवर यायची राहून जाते. शिवाय स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सगळ्यांनाच पडदा दिसत नाही असं नाही. अंधुक दिसणारे, वाचताना अक्षरं गोंधळणारे, डोळे लवकर थकणारे लोकही तो वापरतात. त्यांच्यासमोरून अर्धी स्क्रीन काढून घेतली तर त्यांची अडचण वाढतेच.

२. जमवाजमव

- विंडोज यंत्र: एनव्हीडीए (मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर), आणि विंडोजसोबतच येणारा नॅरेटर. जॉज हा स्क्रीन रीडरही मिळत असेल तर उत्तम.
- मॅक आणि आयफोन: व्हॉइसओव्हर आतच असतो. एक्सकोडबरोबर येणारं अ‍ॅक्सेसिबिलिटी इन्स्पेक्टर.
- अँड्रॉइड फोन: टॉकबॅक आणि स्विच अ‍ॅक्सेस (पडद्याला हात न लावता बटणांनी फोन चालवायची सोय). एम्युलेटरवर भागवू नका. बोटांच्या खुणा खऱ्या फोनवरच नीट कळतात.
- लिनक्स: ऑर्का (स्क्रीन रीडर) आणि अ‍ॅक्सर्सायझर (ट्री पाहण्यासाठी).
- विंडोजवर ट्री पाहण्यासाठी अ‍ॅक्सेसिबिलिटी इनसाइट्स किंवा विंडोज एसडीकेमधलं इन्स्पेक्ट. इव्हेंट पाहण्यासाठी त्याच एसडीकेमधलं अ‍ॅकइव्हेंट.
- एक कोरं यंत्र किंवा व्हर्च्युअल मशीन, ज्यावर पासवर्ड मॅनेजर, व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर, खिडक्या मांडून देणारं साधन यातलं काहीही नाही. हे का, ते पुढे येईल. पण हे नसेल तर तुमच्या चाचणीला अर्थ नाही.
- हेडफोन. आणि कीबोर्डवरून स्क्रीन रीडर बंद कसा करायचा ते आधी पाठ करा. एनव्हीडीएसाठी इन्सर्ट आणि क्यू, मॅकवर कमांड आणि एफ५, नॅरेटरसाठी विंडोज, कंट्रोल आणि एंटर.

३. ओळखायच्या तीन तऱ्हा

प्लॅटफॉर्म कुठलाही असो, खाली येणारी प्रत्येक पद्धत या तीनपैकी एका तऱ्हेत बसते.

एक, सिस्टिमला विचारणं: ‘स्क्रीन रीडर चालू आहे असं कुणी नोंदवलंय का?’ उत्तर नोंदवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून.

दोन, कुणी ट्री मागतंय का ते पाहणं. कुणी मागेपर्यंत अ‍ॅप गप्प राहतं, पहिली मागणी आली की बांधकामाला लागतं. ही सर्वांत भरवशाची तऱ्हा, कारण इथे तुम्ही ओळख पटवत नाही, फक्त मागणी पुरवता.

तीन, डोकावून पाहणं: ओळखीच्या स्क्रीन रीडरची प्रोसेस किंवा डीएलएल (प्रोसेसमध्ये लोड होणारी कोडची फाइल) सापडते का. ही सर्वांत ठिसूळ.

नवीन माणूस हमखास तिसरीपासून सुरुवात करतो, कारण ती लिहायला सोपी. तुम्ही दुसरीपासून करा.

४. विंडोज

विंडोजवर अ‍ॅप आणि स्क्रीन रीडर यांच्यातल्या बोलण्याचे थर साचत गेले आहेत. १९९७ साली अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी आली, म्हणजे एमएसएए. विस्टाच्या काळात यूआय ऑटोमेशन आलं, आणि मधल्या उणिवा भरायला आयअ‍ॅक्सेसिबल२. तिन्ही आजही जिवंत आहेत, म्हणून ओळखायच्या वाटाही अनेक.

पहिली वाट: सिस्टिम पॅरामीटर्स इन्फो या फंक्शनला ‘एसपीआय गेट स्क्रीन रीडर’ हा स्थिरांक देऊन विचारा. होय किंवा नाही असं उत्तर येतं. दिसायला सरळ, पण तीन खाचखळगे आहेत. हा एकच झेंडा सगळ्या सिस्टिमसाठी आहे. कोणताही प्रोग्राम तो उभारू शकतो, आणि जाताना उतरवेलच याची खात्री नाही. दोन स्क्रीन रीडर चालू असतील आणि एकाने जाताना झेंडा उतरवला, तर दुसरा चालू असूनही ‘नाही’ असं उत्तर मिळतं. आणि विंडोजचा स्वतःचा नॅरेटर हा झेंडा उभारतच नाही. मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात तसं लिहिलंय. म्हणजे प्रत्येक विंडोज यंत्रावर असणारा स्क्रीन रीडर या वाटेने दिसत नाही.

चुकीच्या होकाराचं उदाहरण तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. पॉवरशेल उघडल्यावर कधीकधी एक ओळ येते: तुम्ही स्क्रीन रीडर वापरत असावात, म्हणून पीएसरीडलाइन (पॉवरशेलमध्ये ओळ लिहिताना मदत करणारी सोय) बंद केलंय. ही ओळ अशा कित्येकांनी पाहिली आहे ज्यांनी आयुष्यात स्क्रीन रीडर लावलेला नाही. कुठल्यातरी प्रोग्रामने झेंडा उभारून तसाच सोडलेला असतो. तरी पॉवरशेलने दोन गोष्टी बरोबर केल्या आहेत: काय बंद केलं ते सांगितलं, आणि परत कसं चालू करायचं तेही त्याच ओळीत सांगितलं. तुमचं अ‍ॅप झेंडा पाहून काही बदलणार असेल तर निदान इतकं करा.

दुसरी वाट: मागणीची. एखाद्या स्क्रीन रीडरला तुमच्या खिडकीबद्दल माहिती हवी असते तेव्हा खिडकीकडे ‘डब्ल्यूएम गेट ऑब्जेक्ट’ हा संदेश येतो. त्यातल्या ऑब्जेक्ट आयडीवरून एमएसएए मागतंय की यूआय ऑटोमेशन, ते कळतं. तो आला की ट्री बांधा. पण हा संदेश हौशेगवशेही पाठवतात, म्हणून क्रोमियमवाल्यांनी (क्रोम ज्यावर उभं आहे तो ब्राउझर) त्यावर एक छान युक्ती काढली. ब्राउझर ‘नोटिफाय विन इव्हेंट’ वापरून एक अलर्ट इव्हेंट सोडतो आणि त्यात ऑब्जेक्ट आयडी मुद्दाम १ देतो. असा ऑब्जेक्ट सहसा कुणी आपणहून मागणार नाही. जो प्रोग्राम इव्हेंट खरोखर ऐकतोय तोच उलटून या १ क्रमांकाची चौकशी करतो. चौकशी आली, की ऐकणारं कुणीतरी आहे हे पक्कं. स्वतःचं चित्रण करणाऱ्या अ‍ॅपला ही युक्ती उचलायला हरकत नाही.

तिसरी वाट: यूआय ऑटोमेशनचं ‘यूआयए क्लायंट्स आर लिसनिंग’. कुणी इव्हेंटसाठी नाव नोंदवलंय का, इतकंच ते सांगतं. याचा उपयोग फक्त फुकटचे इव्हेंट वाचवण्यापुरता करा. डब्ल्यूपीएफ (विंडोज अ‍ॅपचे पडदे बांधायची मायक्रोसॉफ्टची चौकट) वापरत असाल तर ऑटोमेशन पिअरवरचं ‘लिसनर एक्झिस्ट्स’ आणखी नेमकं आहे, कारण ते इव्हेंटच्या प्रकारागणिक उत्तर देतं.

चौथी वाट डीएलएल पाहण्याची. एनव्हीडीए आपला ‘एनव्हीडीए हेल्पर रिमोट’, जॉज आपला ‘जेहूक’ तुमच्या प्रोसेसमध्ये घुसवतो, म्हणून लोड झालेल्या मॉड्यूलची यादी पाहिली की नाव सापडतं. मोठे ब्राउझर हे करतात, पण कशासाठी ते लक्षात घ्या: एखाद्या ठरावीक स्क्रीन रीडरच्या ठरावीक आवृत्तीतल्या दोषाभोवती वळसा घालायला. तुमच्याकडे असा दोष आणि त्याचा पुरावा नसेल तर या वाटेला जाऊ नका. यादीत नाव नसलेला नवा स्क्रीन रीडर आला की त्याचा वापरकर्ता तुमच्या लेखी अस्तित्वातच नसतो.

५. मॅक आणि आयफोन

इथे वाट सरळ आहे. मॅकवर एनएस वर्कस्पेसला ‘इज व्हॉइसओव्हर एनेबल्ड’ विचारा (१०.१३ आवृत्तीपासून), स्विच कंट्रोलसाठीही तसाच गुणधर्म आहे. आयफोनवर यूआय अ‍ॅक्सेसिबिलिटीचं ‘इज व्हॉइसओव्हर रनिंग’. बदल कळण्यासाठी ‘व्हॉइसओव्हर स्टेटस डिड चेंज’ ही नोटिफिकेशन ऐका. स्विफ्टयूआयमध्ये हेच एन्व्हायर्नमेंटमधून मिळतं आणि बदलल्यावर व्ह्यू आपोआप नव्याने आखला जातो. हालचाल कमी, ठळक अक्षरं, पारदर्शकता कमी या सगळ्यांसाठी वेगवेगळे गुणधर्म आहेत. तेच वापरा, व्हॉइसओव्हर चालू आहे म्हणून अ‍ॅनिमेशन बंद करणं हा उगीचचा तर्क आहे. अ‍ॅनिमेशनने गरगरणाऱ्या माणसाने व्हॉइसओव्हर लावलेलाच नसतो.

मॅकवर एक जुनी, आतल्या गोटातली खूण आहे: ‘एएक्स एन्हान्स्ड युजर इंटरफेस’. व्हॉइसओव्हर सुरू झाला की तो अ‍ॅपच्या वरच्या घटकावर हा गुणधर्म लावतो, आणि क्रोम त्यावरूनच आपली ट्री चालू करतं. अडचण अशी, की बाकीची साधनंही तो लावू शकतात, आणि तो लागला की काही अ‍ॅपमध्ये खिडकी हलवताना विचित्र अडखळ येते. म्हणून इलेक्ट्रॉनने (वेबच्या तंत्रावर डेस्कटॉप अ‍ॅप बनवायची चौकट) वेगळा ‘एएक्स मॅन्युअल अ‍ॅक्सेसिबिलिटी’ गुणधर्म दिलाय: बाहेरच्या साधनाने तो लावावा, इलेक्ट्रॉनने ट्री द्यावी, बाकी काही हलू नये.

६. अँड्रॉइड

अँड्रॉइडवर सर्वांत जास्त चुका होतात, कारण सर्वांत वर दिसणारं फंक्शन सर्वांत फसवं आहे.

अ‍ॅक्सेसिबिलिटी मॅनेजरचं ‘इज एनेबल्ड’ खरं आलं, म्हणजे कुठलीतरी अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा चालू आहे. ती टॉकबॅक असेल किंवा पासवर्ड भरून देणारं अ‍ॅप असेल. बटणं आपोआप दाबणारं, कॉल रेकॉर्ड करणारं, स्क्रीनवरचा वेळ मोजणारं अ‍ॅपही असू शकतं. या होकारावर स्क्रीनची मांडणी बदलली, तर पासवर्ड मॅनेजर लावलेल्या प्रत्येकाला ती बदललेली दिसणार.

‘इज टच एक्सप्लोरेशन एनेबल्ड’ जास्त नेमकं आहे. बोट फिरवून पडदा ऐकण्याची सोय चालू असेल तरच ते खरं येतं, आणि ती सहसा टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडरच चालू करतो. तुमचा प्रश्न ‘माझं स्वाइप पोहोचणार का?’ हा असेल तर नेमकं हेच हवं. पण स्विच अ‍ॅक्सेस वापरणारा इथे सापडणार नाही, हे विसरू नका.

तिसरं, ‘गेट एनेबल्ड अ‍ॅक्सेसिबिलिटी सर्व्हिस लिस्ट’ला बोलून उत्तर देणाऱ्या सेवांचा प्रकार देऊन यादी मागता येते. ही यादी सेवांनी स्वतःबद्दल जे जाहीर केलं त्यावर बनते. तपासणारा कुणी नाही.

वेळेचा प्रश्न असेल तर हे काहीच विचारू नका. अँड्रॉइड १० पासून ‘गेट रेकमेंडेड टाइमआउट मिलिस’ आहे. तुमची मूळ वेळ द्या, त्यात मजकूर आहे, चिन्हं आहेत की बटणं ते सांगा, आणि वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जास्त वेळ मागितला असेल तर तो वाढवलेला आकडा परत येतो. सगळ्या अ‍ॅपनी एवढं जरी वापरलं तरी निम्म्या तक्रारी मिटतील, असं माझं मत.

आता एक कटू विषय. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवांना पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि बटणंही दाबता येतात, म्हणून चोरटे प्रोग्राम त्यांचा गैरवापर करतात. हा धोका खराच आहे. त्यावर काही पैशांची अ‍ॅप्स सरळसोट उपाय करतात: कुठलीही सेवा चालू दिसली की अ‍ॅप उघडायचंच नाही. टॉकबॅकशिवाय ज्याला फोन वापरताच येत नाही त्याला ‘आधी ती सेवा बंद करा’ असा संदेश दाखवायचा! तुमच्यावर अशी मागणी आली तर पर्याय हातात ठेवा. अँड्रॉइड १४ मध्ये व्ह्यूवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी डेटा सेन्सिटिव्ह’ असं चिन्ह लावता येतं. मग तो भाग फक्त त्या सेवांना दिसतो ज्यांनी आपण खरोखर अपंग व्यक्तींसाठीचं साधन आहोत असं ‘इज अ‍ॅक्सेसिबिलिटी टूल’ने जाहीर केलंय. हे कवच अभेद्य नाही. पण अख्ख्या वापरकर्तावर्गाला बाहेर काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

७. बाकीचे, झटपट

लिनक्सवर डी-बसवर (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची सोय) ‘ऑर्ग ए११वाय स्टेटस’ हा इंटरफेस असतो. त्यात दोन गुणधर्म: ‘इज एनेबल्ड’ आणि ‘स्क्रीन रीडर एनेबल्ड’. दोन्ही वाचा, बदल ऐका, झालं.

क्यूटीमध्ये ‘क्यूअ‍ॅक्सेसिबल इज अ‍ॅक्टिव्ह’. जावाच्या डेस्कटॉप अ‍ॅपसाठी विंडोजवर जावा अ‍ॅक्सेस ब्रिज चालू असावा लागतो. तो ‘जॅबस्विच’ने चालू करतात. ‘जावा अ‍ॅप बोलतच नाही’ अशी तक्रार आली तर आधी तो ब्रिज तपासा, मग कोड.

इलेक्ट्रॉनमध्ये ‘इज अ‍ॅक्सेसिबिलिटी सपोर्ट एनेबल्ड’ आणि त्याच्या जोडीचा बदल-इव्हेंट. रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी इन्फो’चं ‘इज स्क्रीन रीडर एनेबल्ड’. फ्लटरमध्ये मीडिया क्वेरीतलं ‘अ‍ॅक्सेसिबल नॅव्हिगेशन’. हे सगळे वरचंच काहीतरी गुंडाळून देतात, म्हणून वरचे दोषही त्यांच्यासोबत येतात.

८. वेब: इथे दार मुद्दाम बंद आहे

ब्राउझरमधल्या पानाला स्क्रीन रीडर ओळखता येत नाही. ही उणीव राहून गेलेली नाही, हे ठरवून केलेलं आहे. उघडलेल्या प्रत्येक साइटला, प्रत्येक जाहिरातीला तुमच्या शारीरिक स्थितीचा अंदाज यावा, हे कुणाला चालेल?

पूर्वी हे शक्य होतं. फ्लॅश या जुन्या ब्राउझर प्लगइनमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या वर्गात ‘अ‍ॅक्टिव्ह’ असा गुणधर्म होता. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ती खिडकीही मिटली. २०१९ मध्ये आयओएस १२.२ बरोबर सफारीसाठी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी इव्हेंट्स’ असा एक खटका आला होता, ज्यामुळे साइटला अप्रत्यक्षपणे सुगावा लागू शकत होता. त्यावर अ‍ॅक्सेसिबिलिटी क्षेत्रातल्या लोकांनीच जोरदार आक्षेप घेतले. याची दुसरी बाजूही आहे. वेबएम या अ‍ॅक्सेसिबिलिटीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ साली स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना विचारलं, तेव्हा बहुसंख्यांनी साइटने ओळखलं तरी चालेल असं सांगितलं, आणि अनुभव सुधारणार असेल तर आणखी जास्त जण तयार होते. मला त्यात विसंगती दिसत नाही. रोज अडणारा माणूस सुटकेसाठी बरंच काही द्यायला तयार होतो. म्हणून ते मागावं असं नाही.

मग वेबवर करायचं काय? सीएसएसच्या मीडिया क्वेरी वापरा: ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’, ‘प्रिफर्स कॉन्ट्रास्ट’, ‘फोर्स्ड कलर्स’. या पसंती सांगतात, आजार किंवा अपंगत्व सांगत नाहीत. आणि खरंच दुसरी रीत लागणार असेल, म्हणजे तुमचं अ‍ॅप सगळं कॅनव्हासवर रंगवत असेल, तर विचारा. फ्लटरचं वेब अ‍ॅप पानाच्या सुरुवातीला एक अदृश्य बटण ठेवतं: अ‍ॅक्सेसिबिलिटी चालू करा. स्क्रीन रीडरला ते ऐकू येतं, दाबलं की ट्री बांधली जाते. गूगल डॉक्समध्ये स्क्रीन रीडर सपोर्ट वापरणारा स्वतः चालू करतो, त्यासाठी कंट्रोल, ऑल्ट, झेड असा शॉर्टकटही आहे. फ्लटरच्या पद्धतीत मात्र एक त्रुटी आहे: बटण कशासाठी आहे हे ज्याला माहीत नाही तो ते ओलांडून पुढे जातो आणि रिकाम्या पानावर अडकतो. लेबल स्पष्ट लिहा.

क्लिक इव्हेंटमधला ‘डिटेल’ हा आकडा शून्य आला तर क्लिक स्क्रीन रीडरने केलं, असा एक तोडगा बऱ्याच कोडमध्ये दिसतो. साध्या कीबोर्डने एंटर दाबलं तरी तो शून्यच येतो. म्हणून त्यावरून फक्त ‘हे माउसने झालं नाही’ इतकंच ठरवा, उदाहरणार्थ फोकसची चौकट दाखवायची की नाही. त्यापुढे ताणू नका.

९. एकदा विचारून गप्प बसू नका

अ‍ॅप सुरू होताना एकदा तपासून उत्तर व्हेरिएबलमध्ये ठेवलं, आणि संपलं. असा कोड फार दिसतो. पण लोक स्क्रीन रीडर मधेच लावतात, मधेच बंद करतात. एनव्हीडीए कधीकधी कोसळतो आणि पुन्हा सुरू होतो. अंधुक दिसणारा माणूस लांबलचक मजकुरापुरताच तो लावतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी बदलाचा इव्हेंट ऐका. विंडोजवर ‘डब्ल्यूएम सेटिंग चेंज’, अँड्रॉइडवर मॅनेजरचे दोन्ही लिसनर, आयफोनवर वर सांगितलेली नोटिफिकेशन.

मधेच चालू झाल्यावर फोकस जिथे होता तिथेच राहिला पाहिजे. फॉर्म अर्धा भरलेला असताना स्क्रीन नव्याने आखून सगळं पुसलं गेलं, तर ओळखून उपयोग काय?

ट्री बंद करताना मात्र घाई नको. मागणी थांबली म्हणून लगेच मोडली आणि दोन सेकंदांनी पुन्हा मागणी आली, तर बांधण्या-मोडण्यातच सगळा वेग जातो. थोडा वेळ थांबून मोडा, किंवा अ‍ॅप बंद होईपर्यंत राहू द्या.

१०. हाताने बदलायचा खटका द्या

ओळख चुकणार, हे गृहीत धरा. व्हीएस कोडमध्ये ‘एडिटर अ‍ॅक्सेसिबिलिटी सपोर्ट’ या सेटिंगला तीन किमती आहेत: आपोआप, चालू, बंद. शिवाय स्क्रीन रीडरसाठीची रीत चालू असेल तर खालच्या पट्टीत तसं लिहून येतं. हाच नमुना घ्या. दोन किमतींचा खटका पुरत नाही, कारण ‘आपोआप’ आणि ‘चालू’ यांत फरक आहे: पहिल्यात तुम्ही ठरवता, दुसऱ्यात वापरणारा.

खटका सेटिंगच्या पहिल्या पानावर असावा आणि कीबोर्डने पोहोचता यावा. आणि तो शोधायला आधी स्क्रीन रीडरसाठीची रीत चालू असावी लागते, अशी मांडणी करू नका. हसू नका, ही होते.

११. ही माहिती कुठे पाठवू नका

अ‍ॅनॅलिटिक्समध्ये ‘स्क्रीन रीडर: होय’ असा रकाना टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. ‘किती लोक वापरतात ते कळेल’ हे कारण ऐकायला चांगलं वाटतं. पण वर पाहिलं तसं, तो आकडा पासवर्ड मॅनेजर मोजणार आणि नॅरेटर वगळणार; म्हणजे दोन्हीकडून खोटा. त्यात खात्याच्या नावासोबत तो साठला की कुणाच्या तरी अपंगत्वाची नोंद तुमच्या सर्व्हरवर तयार झाली. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात आरोग्याविषयीची माहिती विशेष वर्गात मोडते, आणि अशी नोंद तिथे अंगाशी येऊ शकते. होकार-नकार यंत्रातच वापरा आणि यंत्रातच विसरा. क्रॅश रिपोर्टमध्ये लोड झालेल्या डीएलएलची यादी जात असेल तर तीही एकदा तपासा. तिथून नाव निसटतं.

१२. चाचणी

कोऱ्या यंत्रावर, या क्रमाने:

१. काहीही चालू नसताना अ‍ॅप उघडा. ओळख ‘नाही’ आली पाहिजे, ट्री बांधलेली नसली पाहिजे. वेग आणि मेमरीचे आकडे लिहून ठेवा.

२. अ‍ॅप चालू असतानाच स्क्रीन रीडर लावा. काही न दाबता फोकस असलेल्या घटकाचं नाव ऐकू आलं पाहिजे.

३. उलट क्रमाने: आधी स्क्रीन रीडर, मग अ‍ॅप. बऱ्याच अ‍ॅपमध्ये दोनपैकी एकच क्रम चालतो.

४. टास्क मॅनेजरमधून स्क्रीन रीडर मारून टाका. विंडोजचा झेंडा उभाच राहतो का, आणि राहिला तर तुमचं अ‍ॅप कसं वागतं ते पाहा.

५. नॅरेटरवर सगळं पुन्हा. झेंड्यावर विसंबलेला कोड इथे उघडा पडतो.

६. आता पासवर्ड मॅनेजर टाका, स्क्रीन रीडर बंद ठेवा. दिसणारी एकही गोष्ट बदलता कामा नये.

७. फक्त मॅग्निफायर, मग फक्त कॉन्ट्रास्ट थीम, मग फक्त स्विच अ‍ॅक्सेस. यातल्या कुणालाही तुमचं ‘स्क्रीन रीडर’ तपासणारं फंक्शन ओळखणार नाही, आणि तरीही अ‍ॅप पूर्ण वापरता आलं पाहिजे.

अ‍ॅपच्या आत ब्राउझर वापरत असाल तर क्रोमचं अ‍ॅक्सेसिबिलिटी नावाचं अंतर्गत पान उघडा: कुठल्या रीती चालू आहेत ते तिथे चौकटींमध्ये दिसतं. ‘फोर्स रेंडरर अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या फ्लॅगने सुरू केलं तर ओळखीचा भाग वगळून फक्त ट्री तपासता येते. दोष ओळखण्यात आहे की बांधण्यात, ते लगेच वेगळं होतं. फायरफॉक्समध्ये अबाउट सपोर्ट पानावर अ‍ॅक्सेसिबिलिटीचा भाग आहे. विंडोजवर तिथे अ‍ॅक्सेसिबिलिटी कुठल्या प्रोग्राममुळे चालू झाली त्याचं नावही येतं. ब्राउझर उगीच मंद झाला अशी तक्रार असलेल्या यंत्रावर ती ओळ वाचून पाहा. तिथे स्क्रीन रीडरऐवजी भलत्याच प्रोग्रामचं नाव दिसणं काही नवलाचं नाही.